राउनो मधे उभा राहतो

तुमच्या जावयानं आयुष्यात किती गोल केले, असं कुणी विचारलं की माझ्या हातातलं लाटणं आपोआप वर जातं. अहो, गोल करणं हे त्याचं कामच नव्हतं. राउनो बर्फावरच्या हॉकीतला बचावपटू. समोरच्याला गोल करू द्यायचा नाही, हे त्याचं काम. घरात आज किती कपबशा फुटल्या नाहीत, हे कोणी मोजतं का? तसंच हे. न झालेले गोल कुणी मोजत नाही, आणि झालेल्यांचे पुतळे उभारतात.

आता तो खेळत नाही. आमच्या कॉर्विन गावच्या रिंकमध्ये बर्फ गुळगुळीत करायचं मशीन चालवतो आणि शनिवारी सकाळी बारक्या पोरांना उलटं स्केटिंग शिकवतो. मी त्याच रिंकच्या दाराच्या आत, बर्फ दिसेल असा पिरोहीचा गाडा लावते. बटाटा आणि चीज भरलेले, करंजीसारखे पण उकडलेले पिरोही, वर परतलेला कांदा. चर्चच्या तळघरात आम्ही बायका गुरुवारी लाटायला बसतो, त्यामुळे गावात कोणाचं काय चाललंय ते बर्फावर उतरायच्या आधी मला कळतं.

राउनो आमच्यातला नाही. आम्ही युक्रेनी, पणजोबांच्या काळापासून या सपाट गव्हाच्या मुलखात रुजलेले. तो दूर पूर्वेकडचा, निकेलच्या खाणीतल्या फिनिश माणसाचा मुलगा. घरामागे तळं होतं, ते नोव्हेंबरात गोठायचं. थोरले भाऊ गोल मारायचा सराव करायचे आणि या धाकट्याला म्हणायचे, "तू मधे उभा राहा." तो उभा राहिला. पुढे आयुष्यभर लोकांनी त्याला तेवढंच सांगितलं, आणि त्यानंही कधी विचारलं नाही की दरवेळी मीच का.

सगळ्यात वरची ती मोठी लीग टीव्हीवर दिसते. तिच्या खाली दुसरी असते, तिच्याही खाली तिसरी. राउनोचं आयुष्य त्या खालच्या दोघींत गेलं. बसमध्ये झोपायचं, बसमध्ये जेवायचं, उतरायचं, मार खायचा आणि परत बसमध्ये चढायचं. वरून बोलावणं एकदाच आलं. कोणाला तरी ताप आला होता. विमानानं गेला, नवा शर्ट घातला, राष्ट्रगीताला ओळीत उभा राहिला आणि संपूर्ण मॅच बाकावर बसून राहिला. बर्फावर एकदाही पाय टेकला नाही. दुसऱ्या दिवशी परत. मी म्हटलं, "मेल्यांनी बोलावलं तरी कशाला?" तर हा म्हणतो, "आई, इतक्या जवळून ती माणसं खेळताना बघायला मिळाली. तिकीट काढलं असतं तर अशी जागा मिळाली असती का?" आता अशा माणसाचं करायचं काय, सांगा.

माझी लारिसा नर्स. राउनोची भुवई फाटली तेव्हा टाके घालायला डॉक्टर होते आणि डोकं धरायला ही होती. ते डोकं तिनं पुन्हा सोडलंच नाही. पहिल्यांदा घरी घेऊन आली तेव्हा मी दार उघडलं आणि हा हसला. पुढचे तीन दात गायब. माझा नवरा पेत्रो तेव्हा होता. तो कानात म्हणाला, "नादिया, चेहरा नीट कर." मी म्हटलं, "माझा चेहरा नीटच आहे, त्याचं बघ." जावई म्हणजे दहावा ग्रह म्हणतात. मला वाटलं, हा तर पत्रिकेत बसायच्या आधीच आदळून आलेला दिसतोय.

पण जेवायला बसला तेव्हा बीटाच्या बोर्श्चचे तीन वाडगे प्यायला आणि उठून स्वतःची ताटली स्वतः धुतली. पेत्रोचीही धुतली. माझ्या घरात पुरुषानं ताटली धुतलेली तोवर कुणी पाहिली नव्हती. पेत्रो त्याला नंतर म्हणाला, "जावयबापू, एवढं बरं नाही. उद्या मलाही धुवायला लागेल." आणि तसंच झालं.

लग्नानंतर लारिसा त्याच्यामागे गावोगाव फिरली. टीमला बचावपटू हवा असला की बोलावायचे, नको झाला की दुसऱ्या टीमशी अदलाबदल करून टाकायचे. गरज सरो, वैद्य मरो. ही पडदे लावते न लावते तोच उतरवायची वेळ. दोनदा तिला दिवस राहिले आणि दोन्ही वेळा ते राहिलं नाही. एकदा तर हा बसमध्ये होता आणि ही परक्या गावात एकटी. फोनवर ती रडत नव्हती, नुसती गप्प होती. त्या गप्पपणाची मला अजून भीती वाटते.

पेत्रो गेल्यानंतरच्या शरदात आमच्याच गावच्या टीमला, कॉर्विन पेलिकन्सना, एक जुनाजाणता बचावपटू हवा होता. त्यांनी राउनोला घेतलं. मी चर्चमध्ये जाऊन मेणबत्ती लावली, आणि एक पुरेशी वाटेना म्हणून आणखी लावली. लेक माझ्या घरात, वरच्या खोलीत. थोड्याच दिवसांत कळलं की तिला पुन्हा दिवस गेलेत. डॉक्टरीणबाईंनी बजावलं, "या खेपेला प्रवास नाही, सामान उचलणं नाही, घर बदलणं तर नाहीच." मार्चअखेरची तारीख दिली. मी म्हटलं, बदलायचंय कशाला, इथेच तर आहोत.

डिसेंबरात एके दुपारी राउनो सरावावरून आला आणि स्वयंपाकघरात बूट न काढता उभा राहिला. त्यानं बूट काढले नाहीत तेव्हाच मी ओळखलं.

"काय झालं?" लारिसानं विचारलं.

"टॅगर्टनी बोलावलं होतं." टॅगर्ट म्हणजे कोच. "ख्रिसमसच्या मॅचपर्यंत ठेवतायत. मग लुइझियानाच्या टीमला देणार. त्यांच्याकडून एक तरुण पोरगा इकडे येतोय."

"लुइझियाना?" मी म्हटलं. "तिथे तर मगरी असतात. तिथे कोण हॉकी खेळतं?"

"खेळतात, आई. बंद हॉलमध्ये बर्फ करतात."

"आणि नाही म्हणालास तर?"

"तर घरी बसायचं. नाही म्हणालेल्या म्हाताऱ्या बचावपटूला पुढे कोण घेतं?" तो लारिसाकडे बघत होता. "मी जातो. तू इथे आईंजवळ राहा. मार्चमध्ये दोन दिवसांची सुट्टी मागेन."

"मागच्या वेळीही तू बसमध्येच होतास," लारिसा म्हणाली. आवाज चढवला नाही. तोच तो गप्पपणा मला तिच्या तोंडावर दिसायला लागला. मी राउनोला म्हटलं, "सोड ते स्केट्स. इथे राहा. माझ्याबरोबर पिरोही लाट." त्यानं माझ्या हातातल्या लाटण्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "आई, मला गोल लाटता येत नाही हो. मला एकच गोष्ट येते." विनोद केला होता त्यानं, पण हसला नाही.

मग ती ख्रिसमसची मॅच आली. तिची आमच्याकडे एक रीत आहे. त्या दिवशी प्रत्येकानं एकेक मऊ खेळणं घेऊन यायचं. अस्वल, ससा, हत्ती, काय असेल ते. मांडीवर घेऊन बसायचं. आपल्या टीमचा पहिला गोल झाला की सगळ्यांनी एकदम बर्फावर फेकायचं. नुसता पाऊस पडतो खेळण्यांचा. मग खेळाडूच ती पोत्यांत भरतात आणि मोठ्या शहरातल्या मुलांच्या हॉस्पिटलात पाठवतात. पण गोल झाल्याशिवाय फेकायचं नाही. कोणी आधी फेकलं तर खेळात अडथळा आणला म्हणून आपल्याच टीमचा एक माणूस दोन मिनिटं बाहेर बसतो. हे गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे.

मॅचच्या आधी आमचे फादर झेनॉन माझ्या गाड्यापाशी आले. हातात ही एवढी हिरवी मगर, जबडा उघडा, आणि शेपूट उसवलेली.

"नादिया, जरा दोरा घाल हिला."

"फादर, लहान मुलांना द्यायला मगर? तुम्हाला अस्वल नाही मिळालं?"

"दुकानात शेवटी हीच उरली होती. हिला कोणी घेईना. मला दया आली."

हिरवा दोरा सापडेना. लाल होता, त्यानंच मी शेपूट घट्ट शिवून दिली. लुइझियानाचं मनातून जात नव्हतं, म्हणून टाकेही जरा रागानंच घातले.

त्या संध्याकाळी आमच्या पोरांना काय झालं होतं देव जाणे. गोल होईना. मॅचच्या तीन भागांतला एक संपला, दुसरा संपला, तिसरा सुरू झाला तरी दोन्हीकडे शून्य. सगळा गाव मांडीवर खेळणी घेऊन बसलेला. म्हातारेकोतारे सशांचे कान पिळत होते. लारिसा माझ्याजवळ स्टुलावर, पोटावर हात ठेवून. ती खेळाकडे बघत नव्हती, फक्त राउनोकडे बघत होती.

तेवढ्यात पाहुण्यांचा एक धिप्पाड गडी पक घेऊन सुटला. आमचा गोलकीपर पुढे आला, घसरला आणि आडवा झाला. मागे जाळं उघडं. त्या गड्यानं स्टिक मागे नेली. पक म्हणजे रबराची काळी चकती, पण त्या वेगानं आली की दगड परवडला. आणि राउनो मधे आला. धावत नाही, पडत आला. आडवा, दोन्ही पाय एकत्र, लहान मूल घसरगुंडीवरून येतं तसा. पक त्याच्या घोट्यावर बसला. तो आवाज मला गाड्यापाशी ऐकू आला. पक उडून कोपऱ्यात गेला आणि राउनो तिथेच पडून राहिला. खेळ चालूच होता.

क्षणभर सगळं रिंक उभं राहिलं, पण आवाज नाही. आणि त्या शांततेत रिंकभोवतीच्या काचेच्या वरून एक हिरवी मगर उडत आली. सावकाश, गिरक्या घेत. राउनोपासून हातभर अंतरावर येऊन पडली.

तिच्यामागून सगळा गाव. कोणी विचार केला नाही. फादरनी फेकलं म्हटल्यावर मेंढरांना काय लागतं! अस्वलं, ससे, कुत्री, एक जिराफ. माझ्या हातात कापडी बदक होतं, ते मीही भिरकावलं, खोटं कशाला बोलू. गोल झाला नव्हता. गोल होता होता राहिला होता, तोही समोरच्यांचा. त्यासाठी कुठल्याच गावानं कधी खेळणी फेकली नसतील. राउनो त्या ढिगात कोपरावर उठला, इकडेतिकडे पाहिलं आणि हसला. तीन दात नसलेलं ते हसू. बारा-तेरा वर्षं माणूस गावोगाव मधे पडत आला होता, आणि त्याला थँक्यू म्हणायला गावाला एकदा चूक करावी लागली.

रेफरी लालबुंद. शिट्टी वाजवत फादरपाशी आला. "फादर, गोल झाला नव्हता. तुम्हाला दिसलं नाही का?"

"मला चांगलं दिसतं, बाळा," फादर म्हणाले. "गोल झाला नाही म्हणूनच तर फेकली."

नियम तो नियम. आमचा एक गडी दोन मिनिटं बाहेर बसला. राउनोला स्ट्रेचरवरून नेलं होतं, म्हणजे मधे पडायलाही कोणी नाही. पाहुण्यांनी गोल केला. एक-शून्य हरलो. गाव घरी गेला, पण कोणी कुरकुर केली नाही. लोक गाड्यावर येऊन नुसतं विचारत होते, "घोट्याचं काय म्हणाले?"

घोटा मोडला होता. दोन ठिकाणी.

दुसऱ्या दिवशी टॅगर्ट गाड्यावर आला. तोंड आंबट. "नादियाकाकू, तुमच्या फादरनी माझी मॅच घालवली."

"फादरनी नाही. तुझ्या पोरांना गोल जमला नाही, त्याचं बिल फादरच्या नावावर नको."

त्यानं ताटली पुढे केली. मग म्हणाला, "लुइझियानाला फोन केला होता. पाय मोडलेला माणूस त्यांना नको. सौदा मोडला."

मी पळी खाली ठेवली. "मग आता राउनोला काढून टाकणार?"

"काढता येत नाही हो काकू. लीगचा नियम आहे. खेळताना जायबंदी झालेल्याला तो बरा होईपर्यंत ठेवावंच लागतं, पगारासकट." मग खालच्या आवाजात, "आणि येऊन बाकामागे उभा राहिला तर बरं होईल. पोरं माझं ऐकत नाहीत, त्याचं ऐकतात."

मी त्याच्या ताटलीत चार पिरोही जास्त घातले आणि वर आंबट साय. मोडलेल्या हाडाबद्दल देवाचे आभार मानावेत की नाही हे मला ठाऊक नाही. मी मानले. घरी येऊन लारिसाला सांगितलं तेव्हा ती जिन्यावर बसली आणि पहिल्यांदा मोठ्यानं रडली. मला इतकं हायसं वाटलं, काय सांगू.

आमचा ख्रिसमस जानेवारीत. सहा तारखेला संध्याकाळी पहिली चांदणी दिसली की बारा पदार्थ मांडायचे, आणि एक ताटली रिकामी ठेवायची, जो घरी नाही त्याच्यासाठी. पेत्रो होता तोवर मी ती राउनोची म्हणून मांडत असे, कारण हा नेहमी कुठल्यातरी बसमध्ये. त्या वर्षी ती पेत्रोची झाली, आणि राउनो प्लॅस्टरमधला पाय खुर्चीवर टाकून शेजारी बसला. जेवण झाल्यावर कुबड्या घेऊन भांडी धुवायला उठला. मी ओरडले तेव्हा म्हणाला, "बाबा उठले असते ना?" मी फडकं घेऊन शेजारी पुसायला उभी राहिले.

बाळाला मार्चपर्यंत धीर निघाला नाही. फेब्रुवारीत, भर सकाळी, बाहेर गाड्या सुरू होईनात अशी थंडी, आणि लारिसाला कळा लागल्या. ॲम्ब्युलन्स आली. मी मागे बसणार होते, पण राउनो कुबड्या आत फेकून माझ्या आधी चढला होता. पुढचा दोन तासांचा रस्ता तो तिचा हात धरून होता. नंतर लारिसानं मला सांगितलं, "आई, तो काही बोलला नाही गं. नुसता होता." हे सांगताना ती हसत होती.

मुलगी झाली. एवढीशी, पावाच्या लादीएवढी. पेत्राच नाव ठेवलं. मुलांच्या हॉस्पिटलात काचेच्या पेटीत ठेवलं तिला. पहिले दिवस डॉक्टर हो म्हणत नव्हते आणि नाहीही म्हणत नव्हते. मग एका सकाळी म्हणाले, "लढतेय पोरगी. आता काळजी नको."

त्याच सकाळी मी आत गेले. नर्स प्रत्येक पेटीपाशी एकेक खेळणं ठेवत चालली होती. आमच्या पेटीशेजारच्या कपाटावर तिनं जे ठेवलं ते बघून मी झटकन पुढे झाले. हिरवी मगर. जबडा उघडा. मी उचलून उलटी केली. शेपटीला लाल दोरा, रागारागानं घातलेले टाके.

"हिला कोणी घेत नव्हतं," नर्स म्हणाली. "दिसायला जरा भयंकर आहे ना. बदलून देऊ का?"

"हात लावून तर बघ," मी म्हटलं. मग मला रडू आलं.

राउनो पेटीजवळ कुबड्यांवर उभा होता. सकाळपासून उभाच होता म्हणे. मोडलेला पाय अधांतरी, पाठ खिडकीकडे. मी डोळे पुसले आणि जवळ गेले. कितीतरी दिवस एक प्रश्न माझ्या पोटात होता.

"राउनो, खरं सांग. त्या दिवशी तू मुद्दाम पडलास का? इथे राहायला मिळावं म्हणून?"

त्यानं बराच विचार केला. "नाही, आई. एवढा विचार करायला वेळ नसतो. जाळं उघडं दिसलं, एवढंच."

"बरं. मग आता बस जरा. किती वेळ उभा राहशील एका पायावर?"

मी खुर्ची सरकवली, पण तो हलला नाही. मग मला दिसलं. खिडकीबाहेर सगळीकडे बर्फ, त्यावरून ऊन लखलखत सरळ आत येत होतं, आणि त्याच्या पाठीवर अडत होतं. पेटीत त्याच्या सावलीत पेत्रा झोपली होती.

"तिच्या डोळ्यांवर येतंय हो ते," राउनो म्हणाला. "मी इथेच बरा आहे."